राग, आळस की नैराश्य? किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी पाठ



दहावी-बारावीचा निकाल लागला की मलकापुरातल्या घराघरांत एकच चर्चा असते. टक्के किती पडले आणि पुढे कुठे, अकोला, बुलढाणा की पुणे? या धावपळीत मुलाचे मन कसे आहे, हे विचारायचे राहून जाते. आजच्या पाठात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

उदास वाटणे आणि नैराश्य यांत फरक आहे. मार्क कमी पडले, मैत्रिणीशी अबोला झाला, तर चार दिवस वाईट वाटणारच. पण ही अवस्था दोन आठवड्यांहून जास्त टिकली, दिवसाचा बहुतेक वेळ तशीच राहिली आणि अभ्यास, जेवण, झोप बिघडू लागली, तर तो आजार असू शकतो. निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण चार मुले.

ओळखावे कसे?

मुलांचे दुःख पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर पडते. शुल्लक कारणावरून चिडणे, आवडीचा खेळ सोडणे, मित्रांना टाळणे, रात्री झोप न लागणे किंवा दिवसभर झोपून राहणे, सतत डोके वा पोट दुखणे, ‘मी कशाच्याच कामाचा नाही’ असे म्हणणे. यांतील एखादी गोष्ट कोणत्याही मुलात दिसते. अनेक गोष्टी एकदम दिसल्या, तर मात्र त्याला आळशी किंवा उद्धट ठरवण्याआधी थांबावे.

काहींना वाटते, ही श्रद्धेची उणीव आहे. तसे नाही. एलीया संदेष्टा रानात झाडाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही; भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले (1 राजे 19). ताप आल्यावर आपण प्रार्थना करतो आणि डॉक्टरकडेही जातो. इथेही तसेच करावे.

घरी काय करावे?

1. रोज थोडा वेळ मुलाजवळ बसावे. ऐकावे अधिक, बोलावे कमी. ‘शेजारचा बघ’ हे वाक्य टाळावे.

2. लहान कामे ठरवून द्यावीत: सकाळी फेरफटका, आईला भाजी निवडू लागणे, एका मित्राला भेटणे. गोव्यातील ‘संगाथ’ संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांमार्फत नैराश्याच्या प्रौढ रुग्णांना असेच हळूहळू कामाला लावले. त्याचा गुण आल्याचा अभ्यास 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

3. डॉक्टरांना दाखवावे. रक्त कमी असणे किंवा थायरॉईडचा त्रास यांनीही अशीच मरगळ येते. गरज पडल्यास बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराविषयी चौकशी करावी. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ती मनाने सुरू वा बंद करू नयेत.

4. मरणाची भाषा कानावर आली, तर ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही; उलट मूल मोकळे होते. त्याला एकटे सोडू नये, फवारणीची औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत अशी कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मुलाने स्वतः फोन केला तरी चालतो.

‘लोक काय म्हणतील, पुढे मुलीचे लग्न कसे जमेल’ या भीतीने कित्येक घरे हे दुखणे झाकून ठेवतात आणि उपचाराला उशीर होतो. ही भीती घालवणे आपल्या सर्वांच्या हातात आहे. कोणाच्या मुलाला त्रास आहे असे कळले, तर त्याची चर्चा करू नये. त्या आईवडिलांसोबत दवाखान्यापर्यंत जावे.

या आठवड्यात घरी विचार करू या: आपल्या मुलाचे आपण शेवटचे सगळे ऐकून घेतले, मध्ये न बोलता, ते कधी?