धुळीतल्या बाईकचा एअर फिल्टर: धुवायचा कसा आणि पैसे किती घ्यायचे?

व्हिडिओत फिल्टर धुताना दाखवला, पण दराचा हिशोब आणि माझी एक महागात पडलेली चूक सांगायची राहून गेली. दोन्ही इथे लिहितोय. तुमच्या भागात शनिवार-रविवारी कच्च्या वाटांवर बाईक घालणारी मंडळी असतील, तर हे काम तुमच्या गॅरेजला येणारच आहे.

आधी फिल्टर कोणता ते ओळखा. रस्त्यावरच्या गाड्यांत बहुतेक वेळा कागदी असतो, खास डर्ट बाईकमध्ये स्पंजचा, म्हणजे फोमचा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. कंपनीने कागदाला तेलाचा थर दिलेला असेल तर हवासुद्धा मारायची नाही, सरळ बदलायचा. कोरड्या कागदाचं काय करायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. "अजून एकदा चालेल ना?" असं गिऱ्हाईक विचारणारच. फाटलेला किंवा काळवंडलेला असेल तर नाही म्हणायला शिका.

आता चूक. गॅरेज काढलं त्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या डर्ट बाईकचा फोम फिल्टर मी झकास धुतला, तेल लावलं आणि गिऱ्हाईक दारात उभं म्हणून घाईत बसवला. खालच्या बाजूला कड नीट बसलीच नव्हती, बोटभर फट राहिली. दोन-चार राइडनंतर गाडी परत आली. किक हलकी लागत होती आणि सायलेन्सरमधून निळा धूर. इंजिन उघडलं तर सिलिंडरला रेघा, रिंगा झिजलेल्या. फटीतून आत गेलेल्या मातीने पॉलिश पेपरसारखं काम केलं होतं. बोअर-पिस्टनचा सगळा खर्च मी भरला. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण हा खर्च कुठल्या रकान्यात घालायचा ते कुणी शिकवलं नव्हतं!

म्हणून पद्धत नीट लक्षात ठेवा. सीट किंवा साइड कव्हर काढण्याआधी भोवतालची माती पुसून घ्या. फिल्टर काढताना झटकू नका, नाहीतर माती थेट इंजिनकडे जाणाऱ्या नळीत पडते. फिल्टर निघाला की त्या नळीत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर आधीपासूनच कुठूनतरी गळती आहे; लगेच मोबाइलवर फोटो काढा आणि गिऱ्हाईकाला दाखवा, म्हणजे उद्या खापर तुमच्यावर फुटणार नाही. मग नळीच्या तोंडात स्वच्छ फडकं घाला. बसवताना ते काढायला विसरू नका, हसू नका, असं होतं.

फोम हातमोजे घालून धुवा. आधी फिल्टर क्लीनर, मग साबणाचं कोमट पाणी. पेट्रोल वापरू नका. आगीचा धोका आहेच, शिवाय फोमच्या जोडावरचा गोंद सुटतो. धुतलेलं कपडं पिळतो तसा पीळ देऊ नका, मुठीत दाबा. स्वच्छ पाणी आतून बाहेर सोडा, म्हणजे माती आली त्याच वाटेने जाते. सावलीत पूर्ण सुकू द्या. ओलसर फोमवर तेल सारखं पसरत नाही. मळी आणि क्लीनर गटारात ओतू नका, डब्यात साठवा.

धूळ पकडतं ते तेल, नुसता फोम नाही. फिल्टरचं तेल चिकट असतं; इंजिन ऑइल लावलं तर ते ओघळून खाली जमतं आणि वरचा भाग कोरडा पडतो. तेल लावून फोम मळा, रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे, जास्तीचं दाबून काढा. कडेला ग्रीसचा पातळ थर द्या आणि बसवल्यावर पूर्ण गोल बोट फिरवून बघा. माझी चूक या अर्ध्या मिनिटात वाचली असती.

आता दर. समजा तेलाची लिटरची बाटली 1,200 रुपयांची आणि एका फिल्टरला 80 मिली लागतं. झाले 96 रुपये. क्लीनर, ग्रीस, हातमोजे मिळून 40 धरा. हाताचं काम 40 मिनिटांचं आणि तुमच्या तासाला 300 रुपये सुटायला हवेत, तर मजुरी 200. एकूण 336. आकडे तुमच्या गावचे घाला, पण मांडा. "सर्व्हिसिंगमध्ये फिल्टर फ्री" असं लिहिणारे हे 336 खिशातून देतात, किंवा मग काम उरकतात.

खरी अडचण सुकण्याची असते. गाडी रात्रभर अडकली की गिऱ्हाईक वैतागतं आणि आपण घाई करतो. यावर माझा उपाय असा: नेहमी येणाऱ्याला दुसरा फिल्टर विकत घ्यायला सांगतो. तो माझ्याकडे तेल लावून, बंद पिशवीत, गाडी नंबर आणि तारीख लिहून तयार असतो. गाडी आली की अदलाबदल, तो चहा संपवून निघतो. मळलेले पाच-सहा फिल्टर मी मंगळवारी एकदम धुतो. अशी दहा गिऱ्हाईकं जमेपर्यंत तेलाच्या बाटल्यांचा साठा करू नका, एकच घ्या.