ट्रिपलेट चढवण्याआधी डावा पाय बांधा

ड्रमसेटवर नेटाने रियाज करणारी मुलं कधी ना कधी एका वळणावर येतात. ट्रिपलेट, म्हणजे एका मात्रेत तीन ठोके, चार मात्रांच्या बारमध्ये बारा ठोके, इथपर्यंत हात बसलेला असतो. मग कुणीतरी सांगतं, ॲक्सेंट दर तिसऱ्या ठोक्यावर देऊ नकोस, दर चौथ्यावर दे. म्हणजे पहिला, पाचवा, नववा. ठोके तेच, वेग तोच, पण चार मात्रांच्या जागेत तीन ॲक्सेंट पडायला लागतात आणि सगळा सेट निराळंच बोलायला लागतो. पॉलिरिदमची ही पहिली चव फार गोड असते. ती जरूर घ्या. पण या वळणावर माझ्या बाबतीत जे झालं ते आधी वाचा.

पुण्यात एका छोट्या सभागृहात आमच्या चौघांचा कार्यक्रम होता. टेम्पो १२०. गिटारचा सोलो चढत होता, मी चारचे गट सुरू केले आणि ॲक्सेंट स्नेअरवरून टॉमवर नेले. काही बार छान गेले. मग बास गिटार माझ्या ॲक्सेंटवर येऊन बसली. कीबोर्ड जुन्याच लयीत होता. गिटारवाला मान वळवून आधी माझ्याकडे, मग बासवाल्याकडे बघायला लागला. सम कुठे आहे हे चौघांपैकी कुणालाच ठामपणे सांगता आलं नसतं. गाणं थांबवून पुन्हा सुरू करावं लागलं.

नंतर ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा कळलं, की बासवाल्याने कान उघडे ठेवून जे ऐकू आलं तेच धरलं होतं. डाव्या पायाची हाय-हॅट मात्रेवरून सुटून माझ्या ॲक्सेंटला जाऊन मिळाली होती. चार मात्रांत तीन ॲक्सेंट म्हणजे पाऊणपट लय. १२० ची पाऊणपट ९०. हात ९० सांगतायत, पायही ९० सांगतोय, मग १२० सांगणारं कोण उरलं?

असं का होतं, हे हातांकडे बघितलं की समजतं. उजवा-डावा, उजवा-डावा असे सरळ ठोके वाजवताना नेहमीच्या ट्रिपलेटमध्ये ॲक्सेंट आलटून पालटून पडतो: पहिला उजव्यावर, चौथा डाव्यावर, सातवा उजव्यावर, दहावा डाव्यावर. हाताला हे जरा कठीण जातं, आणि त्या कठीणपणामुळेच आपण मात्रा विसरत नाही. चारच्या गटात पहिला, पाचवा, नववा हे तिन्ही ॲक्सेंट उजव्याच हाताला येतात. बारा हा सम आकडा असल्यामुळे पुढच्या बारमध्येही तेच. हाताला एकदम मोकळं वाटतं, कारण आता तो ट्रिपलेट वाजवतच नाही. ९० च्या लयीतले साधे, एका मात्रेत चार ठोके वाजवतोय. मिनिटाला ३६० ठोके, दोन्हीकडे तेवढेच. मन त्या सोप्या लयीकडे ओढलं जातं आणि मनामागे पाय जातो. ड्रमरला वाटतं पॉलिरिदम जमला. खरं तर दोन लयींपैकी एक गळून पडलेली असते.

मेट्रोनोमवरची माझी सवयही या घसरणीला पोषक होती. ॲपमध्ये ट्रिपलेटच्या तिन्ही ठोक्यांवर क्लिक लावायची सोय असते. शिकताना ती आधाराची वाटते. पण प्रत्येक ठोक्याला क्लिक मिळत असेल, तर मात्रा धरून ठेवायचं काम तुम्ही करत नाही, ॲप करतं. माझा आग्रह असा: सुरुवातीला क्लिक फक्त चार मात्रांवर ठेवा, टेम्पो ६० च्या आसपास. ते बसलं की क्लिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. हा टप्पा सगळ्यांत मोलाचा. दुसरी मात्रा म्हणजे चौथा ठोका आणि चौथी मात्रा म्हणजे दहावा. चारच्या गटातला एकही ॲक्सेंट या दोन जागांवर पडत नाही, त्यामुळे क्लिक तुमच्या हाताशी जुळवून घेणारच नाही. पाय ढळला तर त्याच बारमध्ये कळेल. पुढे बारमध्ये एकच क्लिक, म्हणजे १२० च्या लयीला मेट्रोनोम ३० वर.

आणि काठ्या हातात घेण्याआधी तोंडाने म्हणा. आपल्याकडे तबला शिकणारं मूल आधी पढंत करतं, मग वाजवतं. ड्रमसेट शिकताना आपण ही शिस्त का सोडतो, मला कळत नाही. ‘तकधिमि’ तीनदा म्हणा, अक्षरं सारख्या अंतराने. बारा अक्षरं होतात. आता दर तिसऱ्या अक्षराला टाळी द्यायची: पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या. टाळ्या अनुक्रमे त, मि, धि, क या अक्षरांवर पडतील, आणि चार टाळ्यांनंतर पुन्हा ‘त’. टाळी म्हणजे मात्रा, ‘त’ म्हणजे ॲक्सेंट. एक तोंडात, एक हातात, आणि दोन्ही एकदम ऐकू येतात. ज्या दिवशी ‘मि’वरची टाळी न अडखळता पडेल, त्या दिवशी टाळीच्या जागी डाव्या पायाची हाय-हॅट आणा. तोंड चालूच ठेवा. हात सगळ्यांत शेवटी.

मग एक परीक्षा घ्या. गट रंगात आले असताना हात अचानक थांबवा आणि एक बार फक्त पाय चालू द्या. तो बारमध्ये चारदा पडला, तर पाया पक्का आहे. तीनदा पडला, तर टेम्पो खाली आणा आणि टाळीपाशी परत या. वेग वाढवून हे दुखणं कधी बरं होत नाही.

ऐकायचं असेल तर जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीतला एल्विन जोन्स ऐका. १९६३ साली बर्डलँडमध्ये मुद्रित झालेलं ‘अफ्रो ब्लू’ घ्या. तीनवर दोन आणि दोनवर तीन यांची तिथे अखंड घुसळण चालू असते, तरी सगळ्याच्या बुडाशी लय वाहती राहते. पहिल्यांदा फक्त राइड ऐका, दुसऱ्यांदा फक्त हाय-हॅट. जेफ पोर्कारोचा ‘रोझॅना’मधला ठेका (१९८२) दुसऱ्या टोकाचा: ट्रिपलेटचा मधला ठोका डाव्या हाताने स्नेअरवर इतका हळू, की तो जाणवतो पण पुढे येत नाही. ॲक्सेंट नसलेले ठोके किती खाली ठेवायचे, हे तिथे शिकायला मिळतं. चारच्या गटात ॲक्सेंट उठून दिसायला हवा असेल तर तो जोरात मारू नका, बाकीचे तीन हळू वाजवा. नाहीतर मूठ आवळते आणि मनगट भरून येतं.

चारचे गट अंगवळणी पडले की पाचचे घ्या. इथे ॲक्सेंट उजवा, डावा, उजवा असा फिरतो, त्यामुळे हात तुम्हाला फसवू शकत नाही. पण गट समेवर यायला साठ ठोके, म्हणजे पूर्ण पाच बार लागतात. एवढा वेळ चार मात्रा धरून ठेवायला जमल्या, तरच हे बँडमध्ये न्या. नेताना बासवाल्याला आधी सांगा: किती बार चालणार, सम कुठे येणार. तालमीत त्याला तुमच्या हातांकडे न बघता हाय-हॅटकडे बघत वाजवायला सांगा, आणि पहिले काही कार्यक्रम पाच बार पुरे करायच्या मागे न लागता हे दोन बारच्या वर ताणू नका.