उडी, हिसका आणि मंडूकप्लुति

निसर्ग पायरीपायरीने चालतो, उडी मारीत नाही, अशी युरोपातील जुन्या निसर्गशास्त्रज्ञांची धारणा होती. परंतु आपल्या शरीरातच 'उडी' म्हणाव्यात अशा क्रिया अखंड चालू असतात. त्यांपैकी दोहोंच्या नावांचा येथे विचार करू.

वाचताना आपली दृष्टी ओळीवरून संथपणे सरकते असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती सुमारे पाव सेकंद थांबते आणि झटक्याने पुढे जाते. या हालचालीला 'सॅकाड' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लगामाला दिलेला हिसका. एकोणिसाव्या शतकात एमिल जाव्हाल या नेत्रवैद्याने तो वाचणाऱ्या डोळ्यांना लावला. आरशात पाहून नजर आपल्या एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्यावी. शेजारच्या मित्राला डोळे हललेले दिसतात, आपल्याला मात्र दिसत नाहीत. कारण हिसक्याच्या क्षणी मेंदू दृष्टीची जाणीव मंद करतो. स्नायूंची ओढ सुचविणारा 'हिसका' हा शब्द येथे 'उडी'पेक्षा सरस होय.

दुसरा शब्द 'सॉल्टेटरी' वहन. लॅटिन 'सॉल्टारे' म्हणजे उड्या मारणे, नाचणे. अनेक मज्जातंतूंवर मायलिन या स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते व त्यात ठराविक अंतरावर खंड असतात. रान्व्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात त्यांचे वर्णन केले. संदेश या खंडांवरच नव्याने उभा राहतो. त्यामुळे जाड तंतूंत त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो. वेष्टनरहित बारीक तंतूंत तो एक-दोन मीटरच असतो.

मात्र 'उडी' म्हटले की संदेश मधला भाग सोडून जातो असे वाटते, आणि तेथेच घोटाळा होतो. विद्युत्प्रवाह तंतूच्या आतून सलगच जातो. म्हणूनच मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात मधले वेष्टन नष्ट झाले की संदेश मंदावतो किंवा अडतो. मधल्या भागाला काही कामच नसते, तर असे का व्हावे?

संस्कृतच्या विद्यार्थ्यांना येथे मंडूकप्लुति आठवेल. पाणिनीच्या एखाद्या सूत्रातील पद मधली सूत्रे ओलांडून पुढच्या सूत्रात लागू होते, त्याला व्याकरणकार बेडकाची उडी म्हणतात. मधली सूत्रे जागच्या जागीच असतात. ते पद तेथे जागे होत नाही, इतकेच. मज्जातंतूच्या वहनाला ही उपमा पुष्कळ जवळची आहे.

सारांश, प्रत्येक आकस्मिक हालचालीला 'उडी' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु परिभाषा घडविताना काय हलले, काय थांबले आणि मध्ये काय राहिले, हे आधी पाहावयास हवे. हे काम विज्ञान शाखेचे तितकेच आपलेही आहे.