मॅण्डोलिन आणि जुनी रचना

सायंकाळीं रामदासपेठेंतून जातांना एखाद्या घरांतून पेटीचे सूर कानीं पडतात. पण हें वाद्य मूळचें युरोपांतलें, असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमाना’स चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचेही नामांकित वादक होते. परकें वाद्य आपलें संगीत गाऊं लागलें, यांत आपण कांहीं गैर मानीत नाहीं. मग जुनी रचना वेगळ्या वाद्यावर, आजच्या वृत्तीनें वाजविली, तर मूळ कर्त्याशीं इमान राहतें काय? या प्रश्नाचा विचार आम्ही मॅण्डोलिनच्या उदाहरणानें करूं.

सुमारें १६०० ते १७५० या काळांतील युरोपीय संगीतास बरोक म्हणतात. त्या काळचा एक थोर संगीतकार आंतोनियो विवाल्दी (१६७८–१७४१). १७०३ सालापासून तो व्हेनिस येथील पिएता नामक अनाथगृहांत मुलींस व्हायोलिन शिकवूं लागला. त्यानें अनेक कॉन्चेर्टो रचिले. कॉन्चेर्टो म्हणजे मुख्य वादक आणि साथीचा वाद्यवृंद यांचा संवाद. त्यांतील एक एका मॅण्डोलिनसाठीं व एक दोन मॅण्डोलिनसाठीं आहे.

पेटीचा सूर भात्याच्या बळावर टिकतो. मॅण्डोलिनचा सूर तार छेडतांच विरूं लागतो. म्हणून लांब सुरासाठीं वादक नखीनें तारेवर मागेंपुढें जलद आघात करितो. हें वाद्य मृदु आहे. तें झाकून जाऊं नये, यासाठीं साथीच्या सर्व व्हायोलिनांनीं हवें तर गज न वापरतां बोटांनीं तारा छेडाव्या, अशी मुभा विवाल्दीनें स्वतः एका मॅण्डोलिनच्या कॉन्चेर्टोंत दिली आहे. शिवाय विलंबित भागांत लिहिलेले सूर थोडे असत, आणि वादकानें ते आपल्या ज्ञानानें नटवावे, अशी अपेक्षा असे. आपल्याकडे बंदीश ठरलेली असते, पण आलाप व तान गायकाच्या तयारीवर सोडलेली असतात. तसाच कांहींसा हा प्रकार.

वाद्य बदलणें हीही जुनीच रीत होय. योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) यानें विवाल्दीचे व्हायोलिनचे कॉन्चेर्टो कळफलकाच्या वाद्यासाठीं नव्यानें लिहिले. आजच्या मॅण्डोलिनला धातूच्या तारांच्या चार जोड्या असतात व त्या व्हायोलिनच्याच सुरांत लावतात. म्हणून व्हायोलिनच्या रचना तिच्यावर उतरूं शकतात. इस्रायलमध्यें १९७८ सालीं जन्मलेले आवी आविताल यांनीं २०१२ सालीं बाखचे कॉन्चेर्टो मॅण्डोलिनवर ध्वनिमुद्रित केले, आणि २०१५ सालीं विवाल्दीचें संगीत.

यावरून विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लिहिलेले सूर न शिकतांच मनास येईल तें वाजविणें हें स्वातंत्र्य नव्हे, तो आळस होय. उलट, सूर अचूक पण निर्जीव वाजविणें हीही मूळ कर्त्याची सेवा नव्हे. कारण त्यानें वादकासाठीं जी जागा राखून ठेविली, ती रिकामीच राहते. आधीं पाठ निर्दोष करावा, मग प्रत्येक सूर तेथें कां आहे हें स्वतःस विचारावें, आणि त्यानंतरच आपली भर घालावी.

पालकांसही आमची विनंति आहे कीं, मूल तेंच चार सूर पुनःपुन्हां घोटीत बसलें, तर त्याचा वेळ वायां जात आहे असें समजूं नये. दुसऱ्याचें बोलणें नीट ऐकून मग स्वतः बोलावें, हा धडा तें तेथें शिकत असतें.