माडीवरच्या कोपऱ्यासाठी कानमंत्र

बाळा, माडीवर टिकी बार थाटतोयस म्हणे. थाट की! १९३०च्या दशकात हॉलीवूडच्या ‘डॉन द बीचकोंबर’ या बारनं बांबू नि समुद्राकाठच्या वस्तू मांडून ही टूम काढली. तुला तर निम्मं सामान आपल्याच मुलखात मिळेल. फक्त घाई करू नकोस. घाईत घेतलं, भिंतीला टोचलं.

१. सुरुवात आपल्या मागांच्या कबनूरपासूनच कर. जुने साचे भंगारात निघालेत, त्यांचे लाकडी धोटे नि कांड्या उचल — वर्षानुवर्षं सुताशी घासून आलेली ती झिलई कुठल्या दुकानात मिळत नाही. धोटा मात्र पोरांच्या हाताला लागणार नाही असा उंच टांग, टोक पोलादी असतं.

२. बांबू बुरडाकडून, जून झालेलाच घे — कोवळ्यात भुंगेरा लवकर घर करतो. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवून वाळवलाय का, हे विचारायला लाजू नकोस. खाली पिठासारखा भुसा दिसला की लेका, तो बांबू त्याच दिवशी बाहेर काढ.

३. चित्रासाठी कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर कलावंतांनी चित्रकथी जपलीय. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. चित्र करणाऱ्याच्या हातून घे आणि मागं त्याचं नाव, तारीख लिहून घे — तोंड बोलतं, पण साक्ष पाठ देते. फ्रेम करताना काच नि कागद यांत माउंटची फट ठेव — आपल्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटला, की सोडवताना रंगच निघून येतो.

४. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांची. भिंतीवर लाव, ग्लासाखाली नको — गार ग्लासाच्या पाण्यानं लाखेवर पांढरा डाग उठतो.

५. जव्हार-मोखाड्याचा बोहाड्याचा मुखवटा हवा तर सजावटीसाठी केलेला नवा घे. पूजा होऊन नाचलेला मागूसुद्धा नकोस — ज्यांच्या अंगणात तो नाचतो, त्यांचा तो देव आहे. टिकी म्हणजेही पॉलिनेशियातल्या लोकांचे देव नि पूर्वजच. बाटल्यांच्या गर्दीत त्यांना उभं करू नकोस.

६. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख घेऊच नकोस, कुणी कितीही स्वस्तात देवो — १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे.

७. आपलं गाव मागांचं, तूस उडणारच. दर आठवड्याला कोरड्या ब्रशनं झटक — ओल्या फडक्यानं ती वेताच्या विणीत घट्ट बसते. दिवे एलईडीचेच लाव, मेणबत्ती नको — साठलेली तूस ठिणगीनंही पेट घेते.