आधी रक्त तपास, मग बाटली बघू

अगं, ती केरॅटिनची बाटली इतक्यात मागवू नकोस. केस आणि नखं केरॅटिनची बनलेली असतात, हे खरं. पण खाल्लेलं केरॅटिन सरळ केसात जाऊन बसत नाही. मुळात आपल्या पोटाला ते पचतच नाही, म्हणून मेंढीची लोकर नाहीतर कोंबडीची पिसं प्रक्रिया करून विरघळवतात आणि ती पावडर कॅप्सूलमध्ये भरतात. तुझ्या सासूबाई माळकरी, त्यांना हे कळलं तर काय ऐकवतील विचार कर! गुण येतो म्हणणारे प्रयोग आहेत, पण छोटे. त्यांतही विकणाऱ्यांचा पैसा.

बाळंतपणाला तीन-चार महिने झाले की केस असेच मूठमूठ गळतात. न्हाणीघरातला तो गुंता बघून घाबरू नकोस, बहुतेकींचे वर्षभरात पुन्हा भरतात. डेंग्यू, टायफॉइडनंतरही हेच होतं. तुझी नखं मात्र पांढरट आणि पातळ दिसली, म्हणून मला रक्ताची शंका येते. 2019-21 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला होता. कन्नडला बाजाराला येशील तेव्हा ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन बघून घे. डॉक्टर म्हणाले तर थायरॉईड आणि फेरिटिनही कर. आणि हो, बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी सांग. त्यांनी थायरॉईडचा आकडा चुकीचा येऊ शकतो.

‘नैसर्गिक आहे, जास्त घेतलं तर काय बिघडतं?’ असं म्हणू नकोस. गेल्या वर्षी, जानेवारी 2025 मध्ये, बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं टक्कल पडून हैराण झाली, पुढे काहींची नखंही गळाली. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमवर बोट ठेवलं. केसांच्या कित्येक गोळ्यांत हेच सेलेनियम असतं. थोडं लागतं, फार झालं की केसच जातात.

तोवर बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी, असं पोटभर जेव. वर लिंबू पिळ. जेवणावर लगेच चहा घेतेस ना, तो तासभर लांबव, लोह अंगी लागेल.

बाळ अजून अंगावर पितंय. म्हणून कुठलीही गोळी, मग ती दुकानात किती का छान दिसेना, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात टाकू नकोस.