विहारात हवेत ऐकणारे : मानसिक प्रथमोपचाराचा एक पाठ

वंदनेच्या वेळी विहारात कुणाला भोवळ आली, तर चार जण धावतात. कुणी पाणी आणतो, कुणी पंखा लावतो, कुणी 108 ला फोन करतो. पण त्याच विहाराच्या पायरीवर बसून एखादा तरुण "आता जगण्यात काय राहिलंय" असे म्हणाला, तर तेच चार जण गोंधळतात. एक हसून विषय बदलतो, दुसरा रागावतो, तिसरा भाषण सुरू करतो. काय करावे हे कुणालाच शिकवलेले नसते. आजचा पाठ त्यासाठी आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात 1,70,924 जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी 22,746 जण महाराष्ट्रातील होते. हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक आहे. यातील प्रत्येकाच्या आजूबाजूला कुणीतरी होते : शेजारी, मामी, खोलीतला मित्र, वस्तीतला कार्यकर्ता. मानसोपचारतज्ज्ञ बहुधा जिल्ह्याच्या गावी असतो, ही माणसे मात्र हाकेच्या अंतरावर असतात. म्हणून प्रशिक्षणही त्यांनाच द्यायला हवे.

ही कल्पना नवी नाही. ऑस्ट्रेलियात सन 2000 मध्ये बेट्टी किचनर आणि अँथनी जॉर्म या दांपत्याने सामान्य नागरिकांसाठी मानसिक प्रथमोपचाराचे वर्ग सुरू केले. झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 पासून वस्तीतल्या 14 आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवले. माणूस बाकावर येतो, आजीशेजारी बसतो आणि बोलतो. त्यांच्या शोना भाषेत या त्रासाला 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणे, असे म्हणतात. आपल्याकडेही 'नैराश्य' हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. "टेन्शन हाय", "करमत नाही", "जीव लागत नाही", "छातीत धडधडतं" असेच लोक सांगतात. ऐकणाऱ्याला हे शब्द ओळखता आले पाहिजेत.

आपल्या राज्यातही असे काम झालेले आहे. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' या उपक्रमात गावातलीच माणसे तयार केली गेली आणि पुढे तो उपक्रम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला. तिथे आधी नैराश्य असलेल्या शंभरातील जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण सत्तावीसवर गेले. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दारात जाऊन बोलणे, हा या बदलाचा पाया होता.

आता आपल्या परंपरेकडे येऊ. पटाचाराची कथा आपण वर्षावासात ऐकतो, पण या नजरेने क्वचित ऐकतो. सर्पदंशाने पती गेला, दोन्ही मुले वाटेत गेली, माहेरी पोहोचण्याआधीच आईवडील आणि भाऊ घर कोसळून गेल्याचे कळले. तिचे भान हरपले, अंगावरचे वस्त्रही उरले नाही. लोकांनी तिला वेडी म्हणून ढेकळे मारून हाकलले. ती जेतवनात आली तेव्हा तिथल्या लोकांनीही तिला अडवले. तथागतांनी मात्र तिला येऊ द्या असे सांगितले, तिला बहीण म्हटले आणि भानावर यायला सांगितले. भान येताच तिला लाज वाटली, तेव्हा एकाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. मग तिने सगळे सांगितले आणि तथागतांनी ते ऐकले. धम्मोपदेश त्यानंतर आला.

हा क्रम पाहा. आधी जवळ येऊ देणे, मग मानाने हाक मारणे, मग अंगावर वस्त्र, मग ऐकणे आणि सर्वांत शेवटी उपदेश. आपण नेमका हा क्रम उलटा करतो. आपली चळवळ भाषणांवर आणि प्रबोधनावर वाढली, ते आपले बळ आहे. पण संकटात सापडलेल्या माणसासमोर हीच सवय आड येते. वक्ता म्हणून गाजलेला कार्यकर्ता या कामासाठी बहुतेक वेळा कच्चा ठरतो, असे मला वाटते. पटाचारा पुढे भिक्षुणी झाली आणि पुत्रशोकात बुडालेल्या कितीतरी स्त्रिया तिच्याकडे आल्या, याची नोंद थेरीगाथेत आहे.

आता प्रत्यक्ष कौशल्याकडे. ओळखण्याच्या खुणा बहुतेकांना माहीत असतात : माणसात मिसळणे बंद होणे, झोप उडणे, दारू एकाएकी वाढणे, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, देणीघेणी मिटवणे, "माझं ओझं झालंय तुम्हाला" असे वारंवार बोलणे. एक खूण मात्र हमखास चुकते. बरेच दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत, हलका दिसू लागला की घरचे सुटकेचा श्वास घेतात. काही वेळा मनात निर्णय झाल्याने ती शांतता आलेली असते. तेव्हा विचारपूस थांबवू नये, वाढवावी.

सर्वांत अवघड कौशल्य म्हणजे सरळ विचारणे. "आत्महत्येचा विषय काढला तर त्याच्या डोक्यात तो विचार येईल" ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. आजवरच्या अभ्यासांत ही भीती खरी ठरलेली नाही. उलट, कुणीतरी उघड विचारले याने माणसाला मोकळे वाटते. पण प्रश्न कसा विचारायचा? आपण सहसा विचारतो, "असं वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच आहे. समोरचा "नाही" म्हणतो आणि आपण समाधानाने घरी जातो. त्याऐवजी असे म्हणावे : "इतका त्रास होत असेल तर माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार येऊ शकतात. तुझ्या मनात येतात का?" आवाज नेहमीचा ठेवावा, नजर चुकवू नये आणि विचारल्यावर गप्प बसावे. ती शांतता लांबली तरी आपण ती भरून काढू नये.

उत्तर "हो" आले तर पुढचे प्रश्नही तितकेच साधे असावेत. कधीपासून? कसे करायचे ठरवले आहे का? त्यासाठी काही जमवून ठेवले आहे का? आज, आत्ता तसे वाटते आहे का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? ठरवलेला मार्ग, हाताशी साधन आणि जवळची वेळ या तिन्ही गोष्टी असतील तर हा तातडीचा प्रसंग समजावा. त्या माणसाला एक क्षणही एकटे सोडू नये. घरातले कीटकनाशक, औषधांचा साठा किंवा त्याने सांगितलेले जे साधन असेल ते कुणाकडून तरी घराबाहेर हलवावे. अशी तीव्र ओढ पुष्कळदा काही तासांत ओसरते, म्हणून तेवढ्या वेळात साधन हाती न लागणे फार मोलाचे ठरते. 108 किंवा 112 ला फोन करावा किंवा सोबत घेऊन शासकीय रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा. 'टेली मानस' ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416. तिथे मराठीतही बोलता येते आणि सोबत बसलेल्यालाही काय करावे हे विचारता येते.

"कुणाला सांगू नका" अशी अट माणूस हमखास घालतो. हे वचन देऊ नये. "तुझं बोलणं गावभर होणार नाही, पण तुझा जीव वाचवायला लागेल तेवढं एका-दोघांना सांगावं लागेल. कुणाला सांगू, ते तूच सांग." असे प्रामाणिकपणे म्हणावे. हे विचारणे आवश्यक आहे, कारण घरच्यांना कळवणे नेहमीच सुरक्षित नसते. नवऱ्याच्या मारहाणीने खचलेल्या बाईच्या बाबतीत नवऱ्यालाच बोलावून घेणे म्हणजे तिला पुन्हा त्याच खाईत लोटणे. तिच्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

ऐकताना काय बोलू नये, याची यादी मोठी होईल. "मन घट्ट कर", "पोराबाळांचा विचार कर", "लोकांना याहून मोठी दुःखं आहेत" ही वाक्ये तर सर्वत्रच आढळतात. पण आपल्या समाजात एक खास वाक्य आहे आणि ते चांगल्या हेतूने बोलले जाते : "बाबासाहेबांनी एवढं सोसलं, आणि तू एवढ्यात खचलास?" ऐकणाऱ्याला त्यातून बळ मिळत नाही. आपण दुबळे आहोत, शिवाय समाजाला कमीपणा आणणारे आहोत, एवढेच त्याला कळते आणि तो तोंड मिटतो. बाबासाहेबांच्या चरित्रातच याचे उत्तर आहे. 1926 मध्ये राजरत्न गेला, तेव्हा त्यांनी आपला शोक लपवला नाही. मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहून तो मोकळेपणाने मांडला. एवढा मोठा माणूसही मन मोकळे करायला मित्र शोधत होता, हे सांगणे अधिक उपयोगी आहे. तेही त्या रात्री नव्हे, नंतर कधीतरी.

दुसरी एक गोष्ट आपल्या ऐकणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त कळायला हवी. वसतिगृहातला मुलगा किंवा मुलगी जातीवरून होणाऱ्या छळाने मोडून पडते, तेव्हा "तू मनाला लावून घेऊ नकोस" हा सल्ला अन्यायालाच झाकतो. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखणारी यंत्रणा हवी, ही त्यांची मागणी होती. म्हणून ऐकणाऱ्याने दोन कामे वेगळी ठेवावीत. आजची रात्र सुरक्षित जावी हे पहिले काम. तक्रार, पुरावे, वकील, संघटना हे दुसरे, तेही तितकेच खरे, पण ते त्या व्यक्तीच्या संमतीने आणि तिला झोप-जेवण मिळाल्यावर. रात्री अकरा वाजता रडणाऱ्या मुलीला मोर्चाचे निवेदन लिहायला बसवू नये.

एखाद्याला आवाज ऐकू येत असतील, कुणी मारायला टपले आहे असे वाटत असेल, तर "असं काही नाही" म्हणून वाद घालू नये आणि "हो, मलाही दिसतंय" असेही म्हणू नये. "तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, मी इथेच आहे" एवढे पुरे. गर्दी हटवावी, आवाज कमी करावा, बांधून ठेवू नये. अशा वेळी घरातले कुणी भगत-मांत्रिकाचे नाव काढतेच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडते. तिथे वाद न घालता गाडी रुग्णालयाकडे वळवावी.

पोलिसांची भीती हा आणखी एक अडसर. प्रयत्नानंतर रुग्णालयात नेले तर केस होईल म्हणून लोक घरीच उपाय करत बसतात आणि मोलाचे तास जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरते. भारतीय दंड संहितेतील जुने कलम 309 नव्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेले नाही. रुग्णालयात पोलिसांकडे नोंद होते, पण त्या भीतीने उपचार लांबवू नयेत.

हे सगळे वाचून येत नाही, तोंडाला सवय लागावी लागते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी वंदनेनंतर एक तास ठेवला तरी एका विहारात सहा-सात माणसे तयार होऊ शकतात. निवड करताना पदे पाहू नयेत. वस्तीतल्या बायका आधीपासून ज्या मावशीकडे मन मोकळे करतात ती मावशी, पोरे ज्याच्या टपरीवर थांबतात तो दादा, अशांना आधी बोलवावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसे जिल्हा रुग्णालयात असतात. एका सत्रासाठी त्यांना पत्र देऊन बोलवावे, म्हणजे पुढे रुग्ण पाठवताना ओळखीचा चेहराही मिळतो.

सरावासाठी तिघांचा गट करावा. एक जण दुःख सांगणारा, एक ऐकणारा, एक निरीक्षक. दहा मिनिटांत ऐकणाऱ्याने किती वेळा सल्ला दिला, एवढेच निरीक्षकाने बोटांवर मोजावे. पहिल्या रविवारी दोन्ही हातांची बोटे अपुरी पडतात आणि सगळे हसतात. मग भूमिका बदलाव्यात. "जीव द्यावा असे वाटते का" हे वाक्य प्रत्येकाने किमान दहा वेळा मोठ्याने उच्चारावे. सुरुवातीला जीभ अडखळते, ती सरावातच अडखळलेली बरी. ज्याच्या घरात नुकताच असा मृत्यू झाला आहे त्याला सरावात ओढू नये. त्याला स्वतःलाच आधी ऐकणारा हवा असतो.

ऐकणाऱ्यांनी एकट्याने ओझे वाहू नये. अवघड प्रसंगानंतर नाव न घेता गटातल्या दुसऱ्या एकाशी बोलावे. आणि ज्याला मदत केली, त्याला दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा भेटावे. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात आणि नेमके तेव्हाच सगळे पांगतात. भेटीला काही निमित्त लागत नाही. "चहाला आलो होतो" एवढे पुरते. विहाराच्या सूचनाफलकावर 14416, 108, 112 आणि 181 हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावेत. त्यांच्या खाली संमती दिलेल्या दोन ऐकणाऱ्यांची नावे आणि ते विहारात भेटण्याची वेळ लिहावी.